वार्धक्यविषयक संशोधन आणि पीएच.डी. अधिछात्रवृत्ती : एक चिकित्सा

प्रास्ताविक

वार्धक्य हा कोणत्याही एका विद्याशाखेच्या मालकीचा विषय नाही, हे विधान गेल्या काही दशकांत चर्चासत्रांच्या बीजभाषणांतून इतक्या वेळा केले गेले आहे की त्यास आता कोणी हरकत घेत नाही. हरकत न घेतल्या जाणाऱ्या विधानांचे जे होते तेच याचेही झाले आहे. ते इतिवृत्तात नोंदले जाते, आणि संशोधक विद्यार्थी आपल्या विभागात परतून आपल्याच विषयाच्या चौकटीत प्रबंध पूर्ण करतो. या विसंगतीची चर्चा बहुधा अभ्यासकांच्या संकुचित दृष्टीच्या अंगाने होते. प्रस्तुत लेखात तिचा विचार पैशाच्या अंगाने केला आहे. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला मिळणारे अर्थसाहाय्य कोणत्या कारणासाठी, कोणत्या ठिकाणी आणि किती काळ खर्च करता येते, यावरून वार्धक्यविषयक संशोधनात कोणता वृद्ध येतो आणि कोणता येत नाही हे ठरत असते, असे येथे दाखवावयाचे आहे.

लेखात वारंवार येणारा 'प्लेसमेंट' हा शब्द महाविद्यालयांतील रोजगार-कक्षाच्या अर्थाने घेतलेला नाही. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने काही महिने रुग्णालयाच्या वार्धक्यवैद्यक विभागात बसणे, विधी शाखेच्या विद्यार्थिनीने निर्वाह न्यायाधिकरणाचे कामकाज पाहणे, सांख्यिकीच्या विद्यार्थ्याने सर्वेक्षकांबरोबर गावोगाव फिरणे, अशा परशाखीय व सविस्तर सहवासाला येथे प्लेसमेंट म्हटले आहे. एकदिवसीय भेटीचा यात समावेश नाही.

विषयाची निकड आकडेवारीने सिद्ध करण्याची आता गरज उरलेली नाही. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षे व त्यापुढील वयाच्या भारतीयांची संख्या सुमारे १०.४ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के होते. अधिक लक्षणीय बाब अशी की या विषयावरील देशातील सर्वांत मोठे सर्वेक्षण महाराष्ट्रातच, मुंबईतील देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडून चालविले जाते. 'लासी' या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दीर्घकालीन अभ्यासाची पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली व तिचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पंचेचाळीस वर्षांवरील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२,००० हून अधिक जणांच्या मुलाखती त्यात झाल्या. त्यांपैकी ३१,४६४ जण साठी ओलांडलेले होते. आरोग्य, कुटुंब, मिळकत, निवृत्तिवेतन, स्मरणशक्ती आणि हाताच्या पकडीची ताकद ही सर्व माहिती एकाच व्यक्तीविषयी एकत्र मिळते. आंतरविद्याशाखीय प्रबंधासाठी याहून चांगली सामग्री कोणती असणार? तरीही राज्यातील विद्यापीठांत तिच्यावर उभे राहिलेले, दोन शाखांत खरोखर पाय रोवलेले प्रबंध शोधावे लागतात. सामग्री देवनारला आहे; अभ्यासक नांदेड, जळगाव, कोल्हापूर येथे आहेत; आणि या दोहोंमध्ये प्रवासखर्चाचे कोणतेही शीर्ष नाही.

नियम आणि निधी

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या पीएच.डी. विनियमांकडे पाहिले असता अडथळा नियमांचा आहे असे म्हणता येत नाही. सहमार्गदर्शक अन्य विभागातील किंवा अन्य संस्थेतील असू शकतो. प्रबंधासाठी किमान तीन व कमाल सहा वर्षांचा अवधी आहे आणि पुढे पुनर्नोंदणीची सोय आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने बहुविद्याशाखीयतेचा पुरस्कार केला, त्यालाही आता काही वर्षे उलटली. दार उघडे आहे. परंतु त्या दारातून बाहेर पडणाऱ्याच्या खिशात काय आहे, हे कोणी पाहिलेले नाही.

कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये व वरिष्ठ टप्प्यावर ४२,००० रुपये करण्यात आली. ही वाढ स्वागतार्ह होती, याबद्दल दुमत नसावे. परंतु विद्यावेतन हा निर्वाहाचा पैसा आहे. संशोधनाचा पैसा म्हणजे आकस्मिक अनुदान. आणि मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांसाठी ते पहिल्या दोन वर्षांकरिता वार्षिक १०,००० रुपये व नंतर २०,५०० रुपये असे ठेवलेले आहे. पहिल्या दोन वर्षांचा हिशेब केला तर महिन्याला आठशे तेहतीस रुपये होतात. यात पुस्तके, झेरॉक्स, टंकलेखन, एस.टी.चे भाडे आणि क्षेत्रकार्य हे सर्व बसवावयाचे असते. घरभाडे भत्ता शहराच्या वर्गवारीवर ठरतो. विद्यार्थ्याला एकाच वेळी दोन गावांत बिऱ्हाड ठेवावे लागू शकते, ही शक्यता त्या हिशेबात धरलेली नाही. नोंदणीच्या गावी खोली चालू ठेवून मुंबईत सहा महिने राहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ही अडचण कोणत्याही परिपत्रकाच्या मदतीशिवाय समजते.

हे झाले नेट-जेआरएफ उत्तीर्ण झालेल्यांचे. ज्यांना ती मिळत नाही त्यांच्यासाठीची 'नॉन-नेट' अधिछात्रवृत्ती २०१२ मध्ये पीएच.डी.साठी दरमहा ८,००० रुपये करण्यात आली होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये ती बंद करण्याच्या निर्णयावरून दिल्लीत मोठे विद्यार्थी-आंदोलन झाले. त्या आंदोलनाच्या वार्तांकनात एक गोष्ट फारशी ठळक झाली नाही. ही योजना प्रामुख्याने केंद्रीय विद्यापीठांसाठी आहे, आणि महाराष्ट्रात केंद्रीय विद्यापीठ एकच आहे, ते वर्धा येथे. राज्य विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांच्या संशोधन केंद्रांत नोंदणी केलेल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तो वाद परगावचाच होता. बार्टी, सारथी व महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तींनी ही पोकळी काही प्रमाणात भरली, आणि ज्या घरांतून यापूर्वी कोणी पीएच.डी.पर्यंत पोहोचले नव्हते तेथील मुलेमुली त्यांमुळे संशोधनात आली, हे निःसंशय महत्त्वाचे आहे. मात्र त्यांतील निवडीची संख्या व रकमेस होणारा विलंब यांवरून विद्यार्थ्यांना वेळोवेळी आंदोलने करावी लागली. आणि रचनेच्या बाबतीत या योजनांनी आयोगाचाच साचा उचलला. विद्यावेतन, आकस्मिक निधी, घरभाडे. चौथे शीर्ष कोणालाच सुचले नाही.

विषयांच्या यादीचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. नेट परीक्षेच्या सुमारे ८५ विषयांत लोकसंख्याशास्त्र आहे, समाजकार्य आहे, मानसशास्त्र, गृहविज्ञान व सामाजिक वैद्यक आहे, वार्धक्यशास्त्र नाही. वार्धक्याचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने यांपैकी एका दाराने आत यावे आणि मग त्या दाराशी आयुष्यभर प्रामाणिक राहावे, अशी ही व्यवस्था आहे. स्त्री-अभ्यासाशी तुलना येथे उद्बोधक ठरते. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात १९७४ मध्ये नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू झाले. सातव्या पंचवार्षिक योजनेत आयोगाने विद्यापीठांतील अशा केंद्रांना साहाय्य देण्यास आरंभ केला. पुढे तो नेटचा स्वतंत्र विषय झाला. चळवळ, केंद्र, निधी आणि परीक्षा असा हा क्रम होता. वार्धक्याच्या बाबतीत राष्ट्रीय धोरण १९९९ मध्ये, आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ मध्ये आणि वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये आला. शासनाने तीन वेळा विषय मान्य केला. विद्यापीठीय निधीत तो एकदाही स्वतंत्रपणे उतरला नाही. अर्थात नेटच्या यादीत आणखी एक विषय घातल्याने आंतरविद्याशाखीयता येईल असे मानणे भाबडेपणाचे होईल. नवा विषय कालांतराने नवी भिंत होतो, याचा अनुभव विद्यापीठांना नवा नाही.

स्वस्त नमुना

निधीची ही रचना ज्ञानाच्या आशयापर्यंत कशी पोहोचते, ते नमुना-निवडीत स्पष्ट दिसते. महिना आठशे रुपयांत क्षेत्रकार्य करावयाचे असेल तर विद्यार्थी कोठे जाईल? तो शहरातील ज्येष्ठ नागरिक संघात जाईल. महाराष्ट्रात ही चळवळ जुनी व सुसंघटित आहे. तिचा राज्य महासंघ १९८० पासून कार्यरत आहे. सभासद एके ठिकाणी जमतात, प्रश्नावली वाचतात, ती स्वतः भरतात आणि चहाही देतात. दुसरे सोयीचे ठिकाण म्हणजे वृद्धाश्रम. परिणामी प्रबंधांतून भेटणारा वृद्ध हा बहुधा लिहितावाचता, निवृत्तिवेतनधारक, शहरी पुरुष असतो किंवा आश्रमवासी असतो. शेतमजुरी करणारी, साठीनंतरही खुरपणीला जाणारी, जिला 'निवृत्ती' हा शब्दच लागू होत नाही अशी विधवा या नमुन्यात येत नाही. मग 'निवृत्तीनंतरच्या समायोजनाच्या समस्या' हे शीर्षक पुन्हापुन्हा येत राहते. याला अभ्यासकाची उदासीनता म्हणणे अन्यायाचे आहे. तेवढ्या पैशात तेवढाच वृद्ध भेटतो.

अलीकडे यास दुसरा पर्याय निर्माण झाला आहे. लासीची सामग्री विनंती केल्यावर अभ्यासकांना उपलब्ध होते. त्यामुळे प्रवास न करता प्रबंध लिहिता येतो. या सामग्रीवर आधारलेल्या लेखांची संख्या झपाट्याने वाढली आहे. त्यांतील काही मोलाचे आहेत. पण अनेकांत एक परावलंबी चल, दहाबारा स्वतंत्र चल आणि शेवटी 'धोरणकर्त्यांनी लक्ष द्यावे' एवढाच ऐवज असतो. उत्तर देणारी वृद्धा त्या क्षणी एकटी होती की सून शेजारी बसली होती, हे तक्त्यातून कळत नाही. ते कळण्यासाठी सर्वेक्षकाबरोबर उंबरठ्यापर्यंत जावे लागते.

स्मृतिभ्रंशाचे उदाहरण घेतल्यास प्लेसमेंटची आवश्यकता अधिक स्पष्ट होईल. लासीशी जोडलेल्या व अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या सहभागाने झालेल्या उप-अभ्यासात ४,०९६ व्यक्तींची तपासणी झाली; त्यावरून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज असा की साठीपुढील भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख, व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. हा आकडा काढताना मुख्य अडचण वैद्यकीय नव्हती, शैक्षणिक होती. पाश्चात्त्य चाचण्या वाचायला, लिहायला आणि उलट गणना करायला सांगतात. शाळेची पायरी न चढलेल्या स्त्रीला त्यांत कमी गुण मिळतात ते विस्मरणामुळे की निरक्षरतेमुळे, हे ठरविता येत नाही. मेरी गांगुली व त्यांच्या सहकाऱ्यांनी हरियाणातील बल्लभगढ परिसरात ग्रामीण व निरक्षर वृद्धांसाठी तयार केलेली, १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेली हिंदी चाचणी याच अडचणीतून जन्मली, आणि लासीच्या उप-अभ्यासातही निरक्षरांसाठी चाचण्यांत फेरफार करावे लागले. हे काम भाषांतराचे नाही. मराठवाड्यातील एखादी वृद्धा 'आज तारीख काय' या प्रश्नाला निरुत्तर होईल, पण तिथी, वार आणि पोळ्याला उरलेले दिवस अचूक सांगेल. तिच्या कालभानाचे मोजमाप करण्यास मज्जाविकारतज्ज्ञाइतकाच बोलीचा अभ्यासक लागतो. मराठी विभागातील संशोधक विद्यार्थी वार्धक्यवैद्यक विभागात सहा महिने बसला, तर या प्रश्नाला हात घालता येईल. आज असा अर्ज कोणी केला तर तो कोणत्या समितीपुढे ठेवावा, येथूनच प्रश्न सुरू होईल.

दुसरे उदाहरण प्रांत कार्यालयाचे. २००७ च्या कायद्यान्वये निर्वाह न्यायाधिकरणाचे अध्यक्षपद उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाहून कमी नसलेल्या अधिकाऱ्याकडे असते; निर्वाहाची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये ठेवलेली आहे; अर्ज नोटिशीपासून नव्वद दिवसांत निकाली काढावयाचा असतो; आणि कलम १७ ने वकिलांना मज्जाव केला आहे. वकील नसल्यामुळे तेथे बाप आणि मुलगा आमनेसामने बोलतात. जमिनीचे बक्षीसपत्र, वाटणीतील जुने रुसवे, कोणी किती दिवस सांभाळले याचा हिशेब, हे सारे त्या दालनात उघड होते. विधी, अर्थशास्त्र, कुटुंबाचे समाजशास्त्र आणि भाषाविज्ञान यांना एकत्र आणणारी याहून समृद्ध जागा शोधून सापडणार नाही. तरीही कायद्यावरील अभ्यास बहुधा कलमांचे विवरण आणि उच्च न्यायालयांचे निवाडे यांवर थांबतात, कारण निवाडे ग्रंथालयात मिळतात.

परदेशी नमुने व त्यांच्या मर्यादा

या प्रश्नाकडे अन्यत्र कसे पाहिले गेले, याचे काही दाखले तपासण्याजोगे आहेत. अमेरिकेत राष्ट्रीय वार्धक्य संस्था आणि संशोधन-प्रशिक्षण पारितोषिकांचा कायदा हे दोन्ही १९७४ या एकाच वर्षी आले. त्यांतून विकसित झालेल्या प्रशिक्षण-अनुदानाचे वैशिष्ट्य असे की एक प्रकार थेट विद्यापीठाला मिळतो. वेगवेगळ्या विभागांचे विद्यार्थी त्यावर घेतले जातात व त्यांच्यासाठी सामाईक चर्चावर्ग चालविला जातो. भारतीय अधिछात्रवृत्ती व्यक्तीला मिळते. व्यक्तीला मिळालेला पैसा न्याय्य असतो, कारण विभागप्रमुखाच्या मर्जीवर तो अवलंबून नसतो; पण त्यातून चर्चावर्ग उभा राहत नाही. लासीला भारत सरकारबरोबरच याच अमेरिकी संस्थेचेही अर्थसाहाय्य आहे आणि १९८९ मध्ये वार्धक्यशास्त्राची पीएच.डी. सुरू करणारे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ त्यात भागीदार आहे. मुलाखती येथील वृद्धांच्या आणि त्यांवर प्रशिक्षित होणारी पिढी मुख्यतः तेथील, अशी स्थिती टाळावयाची असेल तर येथील विद्यार्थ्यासाठीही तितकाच विचारपूर्वक निधी लागेल.

ब्रिटनमध्ये पाच संशोधन परिषदांनी एकत्र येऊन शेफील्डचे ॲलन वॉकर यांच्या संचालकत्वाखाली वार्धक्याच्या नव्या गतिमानतेवरील कार्यक्रम चालविला. त्यावर दोन कोटी पौंडांहून अधिक खर्च झाला. तेथील जैवविज्ञान परिषदेने २०१२ पासून चार वर्षांच्या पीएच.डी.त तीन महिन्यांची प्लेसमेंट आणली. मात्र तिचा आदर्श म्हणून उल्लेख करताना एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. ती प्लेसमेंट प्रबंधाच्या विषयाबाहेरची असावी अशी अपेक्षा आहे. तिचा हेतू विद्यार्थ्याला प्रयोगशाळेबाहेरच्या व्यवसायांची ओळख करून देणे हा आहे. वार्धक्यसंशोधनाला हवा असलेला परशाखीय सहवास निराळा. तो प्रबंधाच्या गाभ्यात शिरणारा असतो. प्लेसमेंटचा पुरस्कार करणारी निवेदने या दोन गोष्टी सर्रास एकत्र करतात.

युरोपीय संघाच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी योजनेतून २०१७ मध्ये आरंभ झालेले 'यूरोएजिझम' हे जाळे वार्धक्यविषयक संशोधनाच्या अधिक निकटचे आहे. इस्रायलमधील बार-इलान विद्यापीठाच्या समन्वयाने पंधरा तरुण संशोधक वयाधारित भेदभावाचा अभ्यास करीत होते आणि विद्यापीठाबाहेरील, धोरणाशी संबंधित संस्थांत काही काळ काम करणे हा त्यांच्या प्रशिक्षणाचा भाग होता. या योजनेत निर्वाहवेतनाखेरीज स्थलांतर भत्ता व कौटुंबिक भत्ता असतो, आणि प्रशिक्षणाचा खर्च संस्थेला निराळा मिळतो. म्हणजे विद्यार्थी हलणार आहे हे गृहीत धरूनच अंदाजपत्रक मांडलेले असते. पंधरा जणांसाठी एवढा खर्च भारतासारख्या देशाला कसा परवडावा, हा आक्षेप योग्य आहे. परंतु येथे अनुकरण रकमेचे करावयाचे नसून शीर्षांचे करावयाचे आहे.

अध्यापक, यजमान संस्था आणि काळ

अशी शीर्षे भारतीय व्यवस्थेत कधीच नव्हती असे नाही. दहाव्या व अकराव्या योजनाकाळातील अध्यापक अधिछात्रवृत्तीत पीएच.डी. करणाऱ्या प्राध्यापकास कार्यमुक्त करून त्याच्या जागी येणाऱ्या पर्यायी शिक्षकाचे वेतन आयोग देत असे. त्या योजनेचा गैरवापर झाला नाही असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. पण वेळ हीदेखील विकत घ्यावी लागणारी वस्तू आहे, हे तिने ओळखले होते. आज सेवेत राहून संशोधन करणाऱ्या महाविद्यालयीन अध्यापकाला दिवाळीच्या सुटीपलीकडची प्लेसमेंट संभवत नाही.

मार्गदर्शकाच्या बाजूनेही गणित फारसे अनुकूल नाही. २०१८ च्या विनियमांतील गुणांकनात पीएच.डी. मार्गदर्शनास दहा गुण आहेत; मार्गदर्शन संयुक्त असल्यास दोघांस प्रत्येकी सात. तीन गुणांसाठी कोणी विद्वान आपली भूमिका बदलत नसेल असे म्हणावयास हरकत नाही, परंतु पदोन्नतीचा अर्ज भरणारास त्या तीन गुणांची किंमत ठाऊक असते.

सर्वांत दुर्लक्षित घटक म्हणजे यजमान संस्था. रुग्णालयात समाजशास्त्राचा विद्यार्थी आला तर नीतिसमितीची परवानगी, रुग्णांची संमतिपत्रे व गोपनीयता यांची जबाबदारी तेथील एखाद्या डॉक्टरवर येते, आणि त्याच्या बाह्यरुग्ण विभागात आधीच रांग असते. या श्रमाचा मोबदला कोणत्याही अधिछात्रवृत्तीत नाही. त्यामुळे यजमान एक तर नकार देतो, किंवा विद्यार्थ्याला केसपेपर लिहिण्यास बसवितो. दुसरा प्रकार अधिक घातक आहे. प्लेसमेंटच्या नावाखाली फुकटचा कारकून मिळण्याची सवय एकदा संस्थांना लागली की ती सुटत नाही. निधी देताना यजमानाचा वाटा निराळा ठेवणे आणि विद्यार्थ्याने कोणते काम करावयाचे नाही हे करारात लिहिणे, या दोन्ही गोष्टी एकत्रच कराव्या लागतील. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाकडून अपेक्षा पुष्कळ आहेत. परंतु त्याच्या प्रस्तावित निधीचा मोठा वाटा खाजगी क्षेत्राकडून यावयाचा आहे, आणि खुरपणीला जाणाऱ्या वृद्धेच्या अभ्यासात कोणत्या उद्योगाला रस वाटावा, हे सांगणे कठीण आहे.

काळाचा मुद्दा या विषयात विशेष महत्त्वाचा आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या व्यक्तीची पहिली मुलाखत आणि दुसरी मुलाखत यांत तीन वर्षांचे अंतर पडले, तर दुसरी होईलच याची खात्री नसते. म्हणून वार्धक्याच्या अभ्यासात क्षेत्राशी व परशाखेशी संबंध पहिल्या दोन वर्षांतच जुळावा लागतो. प्लेसमेंट दुसऱ्या वर्षी होणे इष्ट, चौथ्या वर्षी झाली तर ती केवळ प्रमाणपत्रापुरती उरते. आकस्मिक अनुदान मात्र याच दोन वर्षांत निम्म्याहून कमी आहे. दुसऱ्या वर्षासाठी सहा महिन्यांचा दुहेरी निवास-भत्ता, यजमान संस्थेचा वाटा आणि तेवढ्याच काळाची मुदतवाढ एवढी तरतूद करण्यास आयोगाच्या विनियमांत दुरुस्ती लागत नाही. राज्याच्या अधिछात्रवृत्ती संस्था ती आपल्या नियमावलीत करू शकतात, आणि विद्यापीठांची व्यवस्थापन परिषद आपल्या अर्थसंकल्पात निदान पाच विद्यार्थ्यांपुरती ती येत्या शैक्षणिक वर्षापासून करू शकते.